‘निकेल-फ्री’ म्हणून विकलेल्या मुलांच्या कानातल्यांमुळे झालेल्या त्वचाविकाराबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: लहान मुलांच्या कानातल्यांवरील चुकीच्या दाव्याबाबत आणि आपल्या लेखी उत्तराबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचे सोनेरी मुलाम्याचे कानातले मी चैत्रात, जोतिबाच्या यात्रेआधी, कोल्हापुरातील महाद्वार रोडवरील एका दुकानातून माझ्या सात वर्षांच्या मुलीसाठी घेतले. कार्डावर ‘निकेल-फ्री’ (म्हणजे निकेल धातू नसलेले) आणि ‘हायपोअलर्जेनिक, मुलांसाठी सुरक्षित’ (म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असलेले) असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, आणि त्याच भरवशावर मी ते निवडले. वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मुलीच्या दोन्ही कानांच्या पाळ्या लाल होऊन सुजल्या, त्यांतून पाणी झिरपू लागले, आणि खाज इतकी वाढली की ती झोपेतही कान ओरबाडत असे. कानातले काढल्यानंतरही पुरळ मानेपर्यंत उतरले.

माझ्या पहिल्या तक्रारीवर आपल्या विभागाने कळवले की, नव्याने टोचलेल्या कानांची स्वच्छता न राखल्यास असा संसर्ग होतो आणि या उत्पादनाबाबत अन्य ग्राहकांची तक्रार नाही. माझ्या मुलीचे कान ती तान्ही असताना गुजरीतील सोनाराकडून टोचून घेतले होते आणि तेव्हापासून तिने सोन्याच्या बाळ्या कोणत्याही त्रासाविना वापरल्या आहेत, त्यामुळे हे उत्तर तिला लागूच पडत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी तिची पॅच टेस्ट केली. या तपासणीत संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर त्वचा एकदा तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात, कारण ही ॲलर्जी लगेच न दिसता उशिरा प्रकट होते. निकेल सल्फेटच्या जागी लाल, उंचवट्याचा, बारीक फोडांचा चट्टा उठला, आणि निदान ‘ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्माटायटिस’, म्हणजे एखाद्या पदार्थाच्या स्पर्शाने होणारा ॲलर्जीचा त्वचादाह, असे झाले. त्यानंतर डॉक्टरांनी कानातल्याची दांडी आणि फिरकी डायमिथिलग्लायऑक्झाइमच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसली, तेव्हा कापूस गुलाबी झाला. या चाचणीत गुलाबी रंगाचा अर्थ धातूतून निकेल सुटत आहे असाच होतो.

तांब्या-पितळेच्या दागिन्यावर सोन्याचा मुलामा देण्यापूर्वी अनेकदा निकेलचा थर दिला जातो, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी. वरचा पातळ थर झिजला की घामात निकेल विरघळून त्वचेत उतरते, आणि टोचलेल्या छिद्रात तर दांडी सतत त्वचेला चिकटूनच असते. म्हणूनच युरोपीय संघाने छिद्रात घालायच्या दांडीसाठी निकेल सुटण्याची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी ठेवली आहे. त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या इतर वस्तूंसाठी ती ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

मला सर्वांत जास्त टोचते ते हे की, कानातले टाकून दिले तरी ॲलर्जी जात नाही. शरीराने एकदा निकेल ओळखले की ही संवेदनशीलता बहुधा जन्मभर राहते. आता शाळेच्या गणवेशाच्या धातूच्या बटणानेही मुलीच्या बेंबीखाली चट्टा उठतो, म्हणून मी ती बटणे काढून प्लास्टिकची लावली आहेत. पुढे घड्याळाचा पट्टा, पट्ट्याचे बक्कल, नाणी, प्रत्येक बाबतीत तिला जपावे लागेल. आपल्या कार्डावरच्या दोन शब्दांची ही किंमत एका लहान मुलीने मोजायची आहे.

अन्य तक्रारी नसल्याच्या आपल्या म्हणण्याने मला मुळीच समाधान वाटत नाही. आमच्याकडे मुलाचा कान चिघळला की घरात हळद-तेल लावतात, कानातले बदलतात आणि कान पिकला होता म्हणून विषय सोडून देतात. पॅच टेस्टपर्यंत फार थोडी मुले पोहोचतात. तक्रार आली नाही याचा अर्थ इजा झाली नाही असा होत नाही.

माझी मागणी अशी आहे की, या बॅचची विक्री तत्काळ थांबवून दुकानांतील माल परत घ्यावा, निकेल सुटण्याबाबतचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मला द्यावा, तो अहवाल दाव्याला पुष्टी देत नसेल तर कार्डावरील ‘निकेल-फ्री’ हा शब्द काढावा व आधीच्या ग्राहकांना जाहीर सूचना द्यावी, आणि तपासणी व उपचारांचा खर्च भरून द्यावा. बिल, बॅच क्रमांक दिसणारे कार्ड, पॅच टेस्टचा अहवाल आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. कानातले मात्र पुरावा म्हणून मी माझ्याकडेच ठेवले आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष उत्पादन या दोन्ही मुद्द्यांवर मी कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तक्रारदार राहत असलेल्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा हा कायदा देतो.

आपली,
एक ग्राहक व पालक
कोल्हापूर