बाबांचा राग तुझ्यावर नाही गं आई

ती. आई-बाबा, सा. न.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, माझी नाईट होती आणि आई तू रडायलाच लागलीस, म्हणून लिहून पाठवते. बाबा तुम्ही पण वाचा, चष्मा टीव्हीच्या मागे पडला असेल बघा.

आई म्हणते माणूस दवाखान्यातून बदलूनच आला, कडक भाकरी शेंगाचटणी पुढे ठेवली तरी ताट सरकवतो, रात्री दोनला उठून दाराची कडी काढतो, माझं काय चुकलं. तुझं काय चुकायचंय गं.

बघ की, न्यूमोनियाचं सेप्सिस झालं, म्हणजे जंतूंशी लढताना शरीर स्वतःलाच इजा करायला लागलं, तेव्हा बाबांचा सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज दाखवणारा आकडा, २१२ होता, एरवी तो १० च्या आत असतो. म्हणजे अंगात सूज पेटलेली, पण पायाला येते तशी दिसणारी नाही. जंतूंशी भांडताना आपल्या पेशी सायटोकाइन्स नावाची रसायनं सोडतात, आयएल-६, टीएनएफ वगैरे, आणि त्याची खबर रक्तातून आणि वेगस नावाच्या नसेतून थेट मेंदूपर्यंत जाते. मग मेंदू माणसाला आडवा पाडतो, जेवण नको, बोलणं नको, कुणी जवळ नको. साध्या तापात पण आपलं असंच होतं की. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, ते पण त्याच जातीचं रसायन, तर चांगले हसतेखेळते पेशंट तो कोर्स चालू असताना उदास होऊन बसायचे. घरी कुणाशी भांडण नाही काही नाही, नुसत्या इंजेक्शननं.

आणि झोपेचं तर विचारूच नका. वॉर्डात रात्री ३० डेसिबलच्या वर आवाज नको असं डब्ल्यूएचओ सांगते, आणि आमच्या आयसीयूत मॉनिटर, व्हेंटिलेटर, आमचीच बडबड, रात्रभर लाईट, मध्येच कुणीतरी बीपी बघायला उठवणार. पेशंटची निम्मी झोप दिवसा होते, ती पण तुकड्या तुकड्यात, गाढ झोप जवळजवळ नाहीच. गुंगीच्या औषधाची झोप ही झोप नसतेच मुळी. त्यात सूज झोप मोडते आणि मोडलेली झोप सूज वाढवते, असं ते एकमेकांच्या गळ्यात पडलेलं असतं. सगळं सुजेवरच ढकलत नाही मी, दुखणं, भीती, औषधं हे पण आहेच.

एक गोष्ट आई तुला सांगितली नव्हती. सहाव्या रात्री मी बाबांजवळ होते. डोळे अर्धे उघडे, आणि दोन्ही हातांची बोटं चादरीवर चाललेली, चिमटीत काहीतरी धरायचं, पीळ द्यायचा, पुढे सरकायचं. मला वाटलं सलाईन उपटतायत, मी हात धरून ओरडले, बाबा गप पडा की! नंतर लक्षात आलं, मागावर तुटलेला धागा सांधतायत. डेलिरियममध्ये, म्हणजे आजारपणातल्या भ्रमात, पेशंट असं चादर चिवडतात हे मी रोज बघते, नोकरीच आहे माझी, आणि स्वतःच्या बापाला ओरडले. बाबा, माफ करा.

आता घरी आलात म्हणून आठ दिवसात सगळं जागेवर येणार नाही, महिने लागतात. सकाळी गच्चीवर उन्हात बसा, दुपारची झोप अर्ध्या तासाची, आणि आई ती शेजारच्या काकूंची झोपेची गोळी अजिबात देऊ नकोस, त्याने अजून भ्रम होतो. रात्री उठले तर वाद घालू नको, लाईट लाव, आपण घरी आहोत, अमुक वार आहे एवढं सांग. मन असंच खाली खाली राहिलं तर डॉक्टरांना दाखवू, त्यात लाजायचं काय.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येते, जेवायला थांबू नका.

आणि बाबा, त्या रात्रीचं काही आठवत असेल तर सांगा, मागावर कुठली चादर चढवली होती, मोराची का?

तुमची,
बेबी