काल फोन का उचलला नाही

१८ ऑक्टोबर २०२०

प्रिय आई-बाबा,

काल दुपारी तुमचे तीन मिस्ड कॉल आले आणि मी एकही उचलला नाही. रात्री फोन केला तेव्हा आईने विचारलं एवढं काय काम होतं, मी म्हटलं शर्यत बघत होते, तर बाबा मागून हसले, कोण जिंकलं विचारलं आणि विषय संपला. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही दोघं मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाही, इथे मधे बोलता येणार नाही.

तर पोलंडमधे बाल्टिक समुद्राच्या काठावर ग्डीनिया म्हणून एक बंदर आहे (उच्चार तीनदा करून बघा आणि सोडून द्या), तिथे काल हाफ मॅरेथॉनची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. व्हायची होती मार्चच्या शेवटी, कोरोनामुळे ढकलत ढकलत ऑक्टोबरवर आली, आणि एलिट लोकांबरोबर जी साध्या हौशी लोकांची शर्यत होणार होती ती तर रद्दच केली. म्हणजे रस्ता फक्त त्यांच्यासाठी, गर्दी नाही, गोंगाट नाही, पळणाऱ्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. मला आधी वाटलं फार भकास दिसेल, पण उलट झालं, लक्ष द्यायला दुसरं काही नव्हतंच ना.

आधी बायकांची शर्यत. बाबा, तुमच्यासाठी आधी हिशोब. अंतर २१.०९७५ किलोमीटर, तेच जे मी आयुष्यात एकदाच पळले २ तास ४० मिनिटांत, आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला घड्याळ धरून उभे होतात आणि नंतर वहीत लिहिलंत. काल पेरेस जेपचिरचिर म्हणून केनियाची बाई जिंकली, तिने ते १:०५:१६ मधे संपवलं. म्हणजे एका किलोमीटरला ३ मिनिटं ६ सेकंदांपेक्षाही थोडं कमी, आणि असे एकवीस, एकामागून एक. तुमचा सकाळचा एक राउंड होईपर्यंत ती कुठे पोचली असेल ते तुम्हीच काढा, मला तुमचा पाणउतारा करायचा नाहीये.

पण "जेपचिरचिर जिंकली" एवढंच ऐकून काहीच कळत नाही हो, तेच तर सांगायचंय. बराच वेळ एक घोळका होता पुढे, केनिया आणि इथिओपियाच्या मुली एकमेकींना अगदी खेटून, आणि त्यात एक जर्मनीच्या ड्रेसमधली. मी एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला आकड्यांचं पान उघडून बसले होते, दर ५ किलोमीटरला टायमिंग यायचं त्यावर, आणि मी येड्यासारखी मधेमधे रिफ्रेश करत होते, जणू माझ्या बोटामुळे त्या जोरात पळणार होत्या. वेग भयानक होता. घोळक्यात अबाबेल येशानेह होती, जिने याच फेब्रुवारीत १:०४:३१ चा विश्वविक्रम केलाय, आणि जॉयसिलीन जेपकोस्गेई होती, जिचा आधीचा विक्रम येशानेहने मोडला आणि जी गेल्या वर्षी न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. मी मनात ठरवून टाकलेलं की या दोघींमधेच काय ते होणार.

आणि नेमकं तेव्हाच नेट अडकलं. ते गोल गोल फिरणारं चक्र. (तुमचा दुसरा कॉल तेव्हाच आला, मी कट केला, सॉरी, खरंच सॉरी.) चित्र परत आलं तर घोळका लहान झालेला आणि या दोघीच गायब! मला आधी वाटलं कॅमेरा दुसरीकडे आहे, मग कळलं की दोघी पडल्या. त्या स्पीडला पुढचीच्या टाचेला मागचीचा पाय नुसता लागला तरी पुरे. एवढा वेळ मर मर मरायचं आणि मग डांबरावर आपटायचं, मला तर रडूच आलं.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहितीये, लागलं का त्यांना. खरचटलं असेलच, पण दोघी उठल्या आणि पळाल्या, आणि नुसत्या पोचल्या नाहीत, येशानेह १:०५:४१ मधे पाचवी आली आणि जेपकोस्गेई १:०५:५८ मधे सहावी. हे लक्षात ठेव, शेवटी परत येणारे यावर.

पुढे राहिल्या तिघी, जेपचिरचिर, इथिओपियाची यालेमझेर्फ येहुआलाव आणि ती जर्मनीवाली, मेलात केजेता. केजेता मूळची इथिओपियाचीच, तिथून जर्मनीत आश्रय घेऊन आलेली. खरं सांगू का, मी काल सकाळपर्यंत तिचं नावही ऐकलं नव्हतं, आणि शेवटच्या मिनिटाला मी तिच्याच नावाने ओरडत होते. तिघी स्प्रिंट मारत आल्या. जेपचिरचिर १:०५:१६, केजेता १:०५:१८, येहुआलाव १:०५:१९. पासष्ट मिनिटं पळून तीन सेकंदांत तीन मेडल, आणि वर १:०५:१६ हा विश्वविक्रम!

आता बाबा म्हणतील, मघाशी १:०४:३१ म्हणालीस आणि आता १:०५:१६ लाही रेकॉर्ड म्हणतेस, हे कसं. तर रेकॉर्ड दोन असतात. पुरुष आणि बायका एकत्र पळतात त्या शर्यतीत बाईला पुढे पळणाऱ्या पुरुषांच्या मागे राहता येतं, वारा ते खातात, वेग ते धरून देतात. फक्त बायकांच्या शर्यतीत ते काही नाही, म्हणून त्याचा रेकॉर्ड वेगळा मोजतात, आणि कालचा तो. आधीचा पण जेपचिरचिरचाच होता, १:०५:३४, बरोब्बर ६ आठवड्यांपूर्वी प्रागला केलेला. स्वतःचाच १८ सेकंदांनी मोडला. आणि आई, तिला तीन वर्षांची मुलगी आहे. २०१६ ला कार्डिफला हीच चॅम्पियनशिप जिंकली होती, मग बाळंतपण, आणि परत काल. तुला हे आवडणार म्हणून वेगळं लिहिलं.

मग पुरुषांची. याच्याआधीच्या तिन्ही स्पर्धा, २०१४, २०१६ आणि २०१८, केनियाच्या जेफ्री कामवोरोरने जिंकल्या होत्या, पण जूनमधे ट्रेनिंगला पळत असताना त्याला मोटारसायकलने उडवलं, त्यामुळे काल तो नव्हताच. (बाबा, पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने चालता तेव्हा ते चमकणारं जाकीट घालत जा, मी उगाच नाही पाठवलं.) तो नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईवर. त्याने ट्रॅकवर ऑगस्टमधे ५,००० मीटरचा आणि आत्ता ७ तारखेला १०,००० मीटरचा विश्वविक्रम केला, २६:११, आणि दहाच दिवसांनी आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन पळायला हा माणूस थेट वर्ल्ड चॅम्पियनशिपला उभा. मी पण त्याच्याच बाजूने होते. पण शेवटी शेवटी तो मागे पडत गेला आणि पुढे निघाला त्याच्याच देशाचा जेकब किप्लिमो, वय वर्षं १९, पुढच्या महिन्यात वीस पूर्ण होतील. केनियाचा किबिवोट कँडी शेवटपर्यंत त्याच्या मागावर होता पण नाही जमलं. ५८:४९ आणि ५८:५४, तिसरा इथिओपियाचा अमेदेवर्क वालेलेन ५९:०८. या स्पर्धेतला आधीचा विक्रम २००७ पासूनचा होता, एरिट्रियाच्या झेरसेनाय तादेसेचा ५८:५९, तो गेला. ५८:४९ म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ४७ सेकंद, आणि त्या ५८:४९ मधे माझा आठवा किलोमीटरही संपला नसता.

चेप्तेगेई चौथा, ५९:२१. लोक लगेच म्हणायला लागले की ट्रॅकवाल्यांचं रस्त्यावर काही खरं नाही. मला हे पटत नाही, पहिल्याच हाफमधे एका तासाच्या आत येतो माणूस आणि त्याला हरला म्हणायचं?

आणि बाबा, बुटांमुळे सगळं होतं हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे, अर्धं बरोबरही आहे. त्या जाड तळाच्या बुटांनी फरक पडतोच, म्हणून तर यावर्षी नियम आला की तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत कडक प्लेट एकच. पण काल पहिले आले त्यांच्या पायात जसे बूट तसेच जवळपास सगळ्यांच्या पायात होते, मग बाकीचे मागे का राहिले ते सांगा.

आता राहिलेलं. या स्पर्धेत टीमचं पण मेडल असतं, एका देशाच्या पहिल्या तिघांची वेळ जोडतात आणि ज्यांची सगळ्यात कमी ते जिंकले. बायकांमधे काल इथिओपिया जिंकली. येहुआलाव १:०५:१९, झेनेबा यिमेर १:०५:३९ आणि तिसरी कोण, तर पडलेली येशानेह, १:०५:४१. मला हे रात्री तुमच्याशी बोलून झाल्यावर कळलं, लगेच परत फोन करणार होते पण साडेदहा वाजून गेले होते आणि आई झोपली असणार.

बाबा, बेरीज तुम्ही वहीत करून बघा, ३ तास १६ मिनिटं ३९ सेकंद यायला पाहिजे. नाही आली तर फोन करा, यावेळी पहिल्या रिंगला उचलते.

तुमची,
मी