झोपाळ्याची फळी

नाशिक,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबांचा गुडघा आता कितपत वाकतो? ताई फोनवर "मस्त आहे" एवढंच म्हणते, आणि बाबांनी फोन घेतला की आधी पाण्याची चौकशी. पाणी सकाळी सहालाच येतं. टाकी भरते मी. तुळशीलाही घालते.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. झोपाळ्याची फळी मी कापली.

हो, तीच. वाड्यातली. वाडा बिल्डरला दिला तेव्हा बाबा हातगाडीबरोबर चालत ती फळी इथवर घेऊन आले होते, आणि आल्यावर कळलं की फ्लॅटच्या छताला कड्याच नाहीत. तेव्हापासून चौदा वर्षं ती कपाटामागे उभी. जुलैत भिंतीला ओल आली म्हणून कपाट सरकवलं, तर एका कडेचा पांढरा भाग किडीने पोखरलेला. पंखा लावून आठवडाभर वाळवली, मग बोटांनी टकटक करून पाहिली. मधला पक्का साग खणखणीत होता. पाच फूट लांब, दीड इंच जाड, कुठेही बाक नाही. माझ्या डोक्यात दोन वर्षं जे वाद्य घोळत होतं त्याला बत्तीस इंच बाय आठ इंचांचा सलग तुकडा पुरत होता.

विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा "नको" म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. ही लबाडी आहे, मला कळतं.

आता वाद्य कोणतं ते. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की सिनेमातलं गाणं नुसतं वाजायचं, शब्दांशिवाय, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत घसरत. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, आलं तुमचं मांजर," आणि बाबा आवाज मुद्दाम वाढवायचे. ते मांजर म्हणजे हवाइयन गिटार. ती मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हाताने तारा दाबत नाहीत, त्यांवरून लोखंडाचा गुळगुळीत दांडा सरकवतात.

युक्ती जोसेफ केकुकू नावाच्या मुलाची. जन्म १८७४, हवाईतल्या ओआहू बेटावरच्या लाइए गावचा. रेल्वेच्या रुळांवरून चालताना सापडलेला बोल्ट त्याने गिटारच्या तारांवर फिरवला, अशी गोष्ट सांगतात. कोणी म्हणतं चाकू होता, कोणी म्हणतं कंगवा. मला बोल्टच खरा वाटतो, कारण मी कारखान्यात काम करते. पुढे शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्याने त्याचा नीट दांडा करून घेतला म्हणतात. १९०४ मध्ये तो अमेरिकेत गेला, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तिकडे या संगीताचं वेडच लागलं. आपल्याकडचा धागा कलकत्त्याचा. हवाइयन गिटारवादक ताऊ मोए आणि त्यांचं कुटुंब १९४० च्या दशकात तिथे राहत होतं, आणि त्यांच्याकडून तिथल्या लोकांनी हे वादन उचललं. पुढे ब्रिजभूषण काबरांनी या गिटारवर राग वाजवले, विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली. दोघांपुढे हात जोडते. पण मला हवं होतं ते त्याच्या आधीचं, समुद्राकाठचं. आळसावलेलं, जेवणानंतर चटईवर पडल्यासारखं. तिथे आलाप नसतो. सहा तारा एकदम छेडायच्या आणि अख्खा स्वरसमूह हळूच पुढच्या घरात ढकलायचा.

हवाईत ही वाद्यं कोआच्या लाकडाची करत. कोआ आपल्या बाभळीच्या गोतातला, पण उगवतो फक्त हवाईत. तो कुठून आणणार? आणि खरं सांगू, विजेच्या गिटारमध्ये लाकडामुळे आवाज गोड होतो यावर माझा फारसा विश्वास नाही. अगदी पहिली विजेवरची लॅप स्टील, म्हणजे मांडीवरची हीच गिटार, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची, ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती आणि दिसायला तळणीच्या तव्यासारखी म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. लाकडाने फक्त वाकायचं नाही, एवढंच माझं मागणं होतं. इतकी वर्षं माणसांचं ओझं झेललेली फळी आता काय वाकणार?

साग कापणं मात्र परीक्षा आहे. लाकडात बारीक सिलिका असते, धार बघता बघता बसते. रंध्याचं पातं मी दोन तासांत तीनदा परजलं. गॅलरीभर भुसा झाला आणि त्यातून वाड्याच्या माळ्यावरचा वास आला. मी थोडा वेळ काम थांबवलं होतं तेव्हा. बाकी काही नाही.

मग माझी फजिती. या गिटारला सतारीसारखे पडदे नसतात, नुसत्या रेघा. कुठे दांडा ठेवायचा ते डोळ्याला कळावं म्हणून. तारेची मोकळी लांबी मी साडेबावीस इंच धरली, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागायचं की पहिली रेघ ३२.०८ वर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागायचं, पुन्हा, पुन्हा. बारावी बरोबर निम्म्यावर, २८५.७५ वर पडली पाहिजे. मी एका रेघेपासून पुढची मोजत गेले, गुण्या लावून, करवतीने हलकी खाच पाडत. बारावी आली २८७.५ वर! दर वेळची केसभर चूक साठत गेली. बाबा, मी नऊ वर्षं क्वालिटीत आहे. "सगळी मापं एकाच कडेपासून घ्या" हे शिकाऊ पोरांना दर आठवड्याला ओरडून सांगते. दोन दिवस फळीकडे पाहिलंच नाही. मग रंधा मारून वरचा मिलिमीटर काढला आणि सगळ्या रेघा पहिल्या कडेपासून व्हर्निअरने मारल्या. खाचांत पांढरा रंग भरलाय. आता बारावी २८५.८ ला आहे. चालतं तेवढं.

आई, आता दुसरा गुन्हा. तुझं शिलाई मशीन.

तारांखाली एक पिकअप बसवावा लागतो. सहा चुंबकं, त्यांभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वरची स्टीलची तार हलली की वेटोळ्यात किंचित वीज उठते, तीच स्पीकरला जाते. ही तांब्याची तार ४६ गेजची, ०.०६१ मिलिमीटर. मोटर रिवाइंडिंगवाला म्हणाला, "मॅडम, एवढी बारीक आम्ही नाही ठेवत." शेवटी मुंबईहून मागवली. आणि असे वेढे घ्यायचे साडेसात हजार. हाताने कोण घेणार? तुझ्या मशीनवर बॉबिन भरायची ती चकती असते ना, तिच्यावर सांगाडा चिकटवला, पायाने मशीन चालवलं आणि दोन बोटांत तार धरली. मोजायला जुना कॅल्क्युलेटर: 'बरोबर'च्या (=) बटणापासून दोन वायरी काढून एका स्विचला जोडल्या, फिरत्या चकतीवर चुंबक. एक अधिक एक दाबून ठेवलं की दर फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. पाय फार जोरात मारला तर मात्र आकडे गाळतो.

पहिल्या खेपेला ४३१२ वर दारावरची बेल वाजली. मी मान वळवली आणि तार तुटली. कुरिअर शेजारच्यांचं होतं. दुसऱ्या खेपेला फोन बंद केला, बेलचं बटण बंद केलं, आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. मग वेटोळं वितळलेल्या मेणात बुडवलं, नाहीतर ते शिट्टी मारतं. मल्टीमीटरवर ५.९ किलोओहम आलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. मशीन जागेवर आहे. पट्टा नवा घातलाय, तेलही दिलंय. आधीपेक्षा हलकं चालतं, येऊन बघ.

दांडा कंपनीतल्या लेथवर झाला, स्क्रॅपमधल्या स्टेनलेसचा, साहेबांना विचारून (त्यांना विचारलं, तुम्हाला नाही, हे लक्षात आलंय माझ्या). १९ मिलिमीटर व्यास, ७३ लांबी, एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल. दीडशे ग्रॅमच्या वर भरतो. आरशासारखा घासावा लागला, कारण एवढासा ओरखडाही तारेवर खर्र करून बोलतो.

तारा दोन्हीकडे ज्यांवर टेकतात ते दोन तुकडे पितळेचे आहेत. कुठून आणले, ते बाबांनी ओळखलं असेलच. झोपाळ्याची एकच कडी कापली. बाकी सगळ्या चिंचेने घासून जुन्या साडीत गुंडाळून ठेवल्यात.

पहिल्यांदा स्पीकरला जोडली तेव्हा गाणं नाही, गुणगुण आली. विजेची, पिठाच्या गिरणीसारखी. तारांना हात लावला तरी तशीच, पण पिनेच्या धातूला बोट लागलं की गप्प. म्हणजे अर्थिंगची वायर पितळेच्या तुकड्याला जोडायचीच राहिली होती. पाच मिनिटांचं काम.

आई, तारा कशा लावल्यात ते तुला जास्त कळेल. जाड तारेकडून बारीक तारेकडे: सा ग प ध सा ग. हवाइयन वादक याला सी सिक्स्थ म्हणतात. मी लावून पाहिलं आणि म्हटलं, हा तर आपला भूप, फक्त रिषभ रुसून बसलाय! तो दुसऱ्या रेघेवर सापडतो. दांडा पाचव्या रेघेवर सरळ धरला की मध्यमावर सा आल्यासारखं सगळं सरकतं, सातव्यावर पंचम, बाराव्यावर पुन्हा घर. आणि वरच्या तीनच तारा, ध सा ग, छेडल्या की एकदम उदास होतं. संधिवातामुळे तू पेटी बंद केलीस. इथे पट्ट्या नाहीत, तारा दाबायच्या नाहीत. दांडा फक्त धरायचा, बोटं त्याच्या मागे तारांवर हलकी टेकवून ठेवायची, नाहीतर मागची तार खडखडते. वाद्य मी माझ्यासाठी केलं, खोटं कशाला बोलू. पण तुझा हात त्यावर कसा पडतो ते बघायचंय.

अजून मला नीट येत नाही. स्वर किंचित खाली लागतो आणि मी वर ढकलते, मग ते खरोखर मांजरच होतं. काल वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "बाळ आणलंय का कुणी?"

लाखेचं पॉलिश केलंय, पण पातळ. फळीच्या एका कोपऱ्यात कडीच्या बोल्टचं भोक होतं, ते बुजवलं नाही. गिटारच्या टोकाला तसंच आहे. बाबा तिथे बोट घालून बसायचे पेपर वाचताना, म्हणून.

दिवाळीला येताना गाडी घरापासून घरापर्यंत करा, बसने नको. बाबा, फळीचा सव्वादोन फुटांचा तुकडा उरलाय. पुसून आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवलाय, कपाटामागे नाही. त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. त्याला अजून करवत लावलेली नाही.

तुमची,
मनू