गुणसूत्रांना कुलूप लावाल, तर कागदावर लिहा

मा. संपादक,

जनुक-संपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, पिकांवर आपल्या सदरात चाललेला पत्रव्यवहार वाचते आहे. सगळा वाद 'बाहेरचं जनुक घातलं की नाही' याच प्रश्नाभोवती फिरतोय. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १' या भाताच्या वाणांत परकं जनुक नाही, म्हणून अशा पिकांना जनुक-बदल पिकांच्या कडक नियमांतून सूट देणाऱ्या, मार्च २०२२ च्या केंद्राच्या सवलतीत ते बसले. ठीकच आहे. पण या तंत्राची पुढची पायरी या प्रश्नात मावत नाही. तिथे जनुकं आहेत तीच राहतात, फक्त गुणसूत्राचा अख्खा तुकडा कापून उलटा बसवला जातो.

याची गरज का पडते, ते भुईमुगावरून कळतं. तांबेरा आणि टिक्का या रोगांना तोंड देण्याची ताकद रानटी भुईमुगात आहे. संकर करून ती आपल्या वाणात आणता येते, आणलीही आहे. पण त्या गुणाला चिकटून शेजारची नको असलेली जनुकंही येतात. मग शेंगेचं टरफल जाड होतं, वजनाच्या मानाने दाणा कमी निघतो, पीक तयार व्हायला उशीर लागतो. एरवी आई-बापांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते आणि बरं-वाईट वेगळं करता येतं. जिथे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुलनेत उलटा असतो, तिथे मात्र ही अदलाबदल जवळजवळ थांबते. पैदासकार पिढ्यान् पिढ्या संकर करत राहतो, गाठ सुटत नाही.

जर्मनीत कार्ल्सरूह येथे होल्गर पुख्टा या शास्त्रज्ञाच्या गटाने २०२० मध्ये क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या हत्याराने, ही गाठ सोडवून दाखवली. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात निसर्गतः उलटा झालेला, डीएनएच्या दहा लाखांहून अधिक अक्षरांचा तुकडा त्यांनी सुलटा केला आणि तिथली अदलाबदल पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी कॉर्टेव्हा कंपनीच्या संशोधकांनी मक्यात साडेसात कोटी अक्षरांचा तुकडा फिरवला. 'अनैसर्गिक' म्हणून हात झटकणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. इथे चेंबूरच्या शेजारी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांचा मारा करून भुईमुगाचे नवे वाण काढण्याचं काम कित्येक दशकं चाललं आहे. 'टीएजी-२४' हा त्याच परंपरेतला. किरणं गुणसूत्रं कुठेही तोडतात आणि हजारो रोपांतून कामाचं एखादं निवडावं लागतं. त्या दाण्यांची चटणी आपण बिनघोर खातो. नेमक्या जागी कापणारं हत्यार त्याहून धोक्याचं कसं?

माझी हरकत वेगळीच आहे. पुख्टा यांच्याच गटाने २०२२ मध्ये उलट दिशेचा प्रयोग केला. अरॅबिडॉप्सिसच्या एका गुणसूत्राचा जवळपास नऊ-दशांश भाग उलटा केला आणि तिथली अदलाबदल जवळजवळ बंद पाडली. विज्ञान म्हणून झकास काम आहे. चांगल्या गुणांचा संच एकत्र टिकवायचा असेल तर उपयोगाचंही. पण हे कुलूप आहे! उद्या एखाद्या कंपनीने असं कुलूप लावलेलं वाण बाजारात आणलं, तर राहुरी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या पैदासकाराला त्यातला एकच गुण उचलता येणार नाही. घ्यायचं तर अख्खं गाठोडं, नाहीतर काहीच नाही. वाणसंरक्षण कायदा, २००१ चं कलम ३० संशोधकाला नोंदणीकृत वाण नव्या वाणासाठी वापरण्याचा हक्क देतं. गुणसूत्रच कुलूपबंद असेल तर तो हक्क कागदावरच राहील, आणि तेही कोणताही कायदा न मोडता.

शिवाय उलटा तुकडा असलेलं वाण साध्या वाणाशी संकरित केलं, तर पुढच्या पिढीत काही पराग आणि बीजांडं निकामी निघू शकतात. हे बियाणं तयार करणाऱ्याला आधी कळायला हवं, शेतात दाणा कमी भरल्यावर नव्हे.

तेव्हा केंद्राने दोन गोष्टी आताच कराव्यात. जनुक-संपादनाच्या सवलतीत अशी मोठी उलटापालट बसते की नाही, ते नियमात शब्दांत लिहावं. आणि वाणाच्या नोंदणी अर्जात कोणत्या गुणसूत्राचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा फिरवला आहे, याचा नकाशा सक्तीचा करून तो सर्वांना पाहायला खुला ठेवावा. कंपन्या व्यापारी गुपिताची सबब पुढे करतील. पण दोन कापांच्या जागा सांगण्यात कसलं गुपित?

— एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका, चेंबूर, मुंबई