माउंट हेगनहून मित्रास

माउंट हेगन परिसर,
पापुआ न्यू गिनी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. घरची खुशाली कळली आणि वाऱ्याने तुमच्या वाडीतल्या केळी आडव्या झाल्याचे वाचून वाईट वाटले. पत्राच्या शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस, त्याला मात्र सविस्तर उत्तर दिले पाहिजे. ज्या देशातले बहुतेक लोक आधीच ख्रिस्ती आहेत, तिथे वसईच्या मुलाने मिशनरी म्हणून जायचे कशाला. आपल्या पालघरच्या पाड्यांवर करण्यासारखे काम थोडे आहे का, असे तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे, आणि गुरुदीक्षेपूर्वी, म्हणजे धर्मगुरू होण्याआधी, काही वर्षे परदेशी काम करण्याची आमच्या संघाची रीत आहे, एवढे सांगून तो मिटत नाही.

आमच्या संघाचे पहिले धर्मगुरू १८९६ मध्ये या देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, तुमलेओ नावाच्या लहानशा बेटावर उतरले. हा डोंगराळ मुलूख मात्र १९३० नंतरच बाहेरच्यांना माहीत झाला आणि फादर विल्यम रॉस १९३४ मध्ये हेगनला पोहोचले, म्हणजे इथल्या चर्चला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. तरीही श्रद्धा परदेशी माणसांच्या आधारावर टिकली असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने किनाऱ्यावरच्या मिशनऱ्यांना कैद केले. १९४३ च्या मार्चमध्ये बिशप लोर्क्स यांच्यासह अनेक धर्मगुरू आणि धर्मभगिनींना ‘आकिकाझे’ या युद्धनौकेवर ठार मारले. तिकडे न्यू ब्रिटन बेटावर धर्मगुरू बंदिवासात असताना राकुनाई गावचे पीटर तो रोट या संसारी धर्मशिक्षकांनी प्रार्थना चालू ठेवल्या, आजाऱ्यांना धीर दिला, लग्ने लावली आणि जपान्यांनी बहुपत्नीत्वाला मोकळीक दिली तेव्हा त्याला उघड विरोध केला. १९४५ च्या जुलैमध्ये त्यांना कैदेत मारण्यात आले. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. मुलाबाळांचा हा बाप या देशाचा पहिला संत आहे, आणि मला वाटते, ते तसेच असायला हवे होते.

आजही आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, दूरच्या उपकेंद्रांवर धर्मगुरू महिन्यातून एखादे वेळी पोहोचतात. बाकीचे रविवार धर्मशिक्षकच सांभाळतात. मी त्यांच्याबरोबर पायी फिरतो. या देशात आठशेहून अधिक भाषा आहेत, त्यामुळे गावोगावी टोक पिसिन या सर्वांच्या सामाईक भाषेवरच निभावून न्यावे लागते. ती मला आता बरीच येते, परंतु म्हाताऱ्या बाया आपल्याच बोलीत बोलू लागल्या की धर्मशिक्षकाच्या तोंडाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. रात्री शेकोटीभोवती बसून कौकौ, म्हणजे आपली रताळी, राखेत भाजून खातात. सणाला खड्डा खणून त्यात तापवलेले दगड घालतात, त्यांवर केळीच्या पानांत गुंडाळलेले डुकराचे मांस, रताळी आणि पालेभाजी रचून माती लोटतात आणि दुपारभर वाट पाहतात. सुपारी इथेही सगळे खातात, फक्त आपल्यासारखे पान न घेता वेलीची शेंगेसारखी फळे चुन्यात बुडवून तिच्याबरोबर चावतात. तुझ्या आजोबांच्या पानवेली आठवल्या.

केळीबद्दल एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे. हेगनजवळच कुक नावाची दलदलीची जागा आहे. २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या उत्खननात दिसून आले की हे लोक सुमारे सात हजार वर्षांपासून, कदाचित त्याहूनही आधीपासून, शेती करत आले आहेत, आणि केळीच्या लागवडीचे फार जुने पुरावे तिथेच मिळाले. आपल्या वसईच्या केळीचा आपल्याला केवढा अभिमान! त्या केळीची विद्या ज्यांच्या पूर्वजांना इतक्या आधी अवगत होती, त्यांच्या दारात मी काही ‘शिकवायला’ आलो आहे, असे म्हणताना जीभ रेटत नाही.

मग माझे काम कोणते? इथे माणसाची ओळख त्याच्या कुळावरून होते. जमीन कुळाची, डुकरे कुळाची, लग्नातले देणे कुळाचे आणि वैरही कुळाचेच. एकाच्या हातून खून झाला तर सबंध कुळ त्याला जबाबदार धरले जाते, आणि भरपाई ठरते तीही दोन कुळांमध्ये. या व्यवस्थेत म्हातारा, अनाथ, आजारी माणूस उघड्यावर पडत नाही, आणि हे तिचे मोठे बळ मी रोज पाहतो. परंतु जिच्या पाठीशी कुळ उभे राहत नाही, त्या बाईला इथे आसरा नाही.

तरुण माणूस अचानक गेला की तो कशाने गेला यापेक्षा त्याला कोणी मारले हे आधी विचारले जाते. करणीला इथे सांगुमा म्हणतात, आणि तिचा आळ बहुधा विधवेवर किंवा निपुत्रिक बाईवर येतो. २०१३ च्या फेब्रुवारीत हेगन शहरात एका विशीतल्या आईला असा आळ घेऊन लोकांदेखत जिवंत जाळण्यात आले. करणीवरच्या विश्वासाला गुन्ह्यात सबब म्हणून वाव देणारा १९७१ चा कायदा त्यानंतर त्याच वर्षी रद्द झाला. आपल्याकडे डॉ. दाभोलकरांची हत्या होऊन जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेही २०१३ सालच.

मध्यंतरी एका उपकेंद्राच्या गावी एक मुलगा तापाने दोन दिवसांत दगावला आणि त्याच्या शेजारच्या विधवेचे नाव घेतले जाऊ लागले. तिला मूल नाही, भाऊ दूरच्या खोऱ्यात. आमचे धर्मशिक्षक आणि त्यांच्या पत्नी तिला रात्रीतून चालवत धर्मभगिनींच्या घरी घेऊन आले. सकाळी मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या बाकावर बिलुम, म्हणजे इथली विणलेली पिशवी, मांडीवर घट्ट धरून बसली होती. सिस्टरनी चहा दिला तरी तिने पिशवी सोडली नाही. मला पाहून तिने आतून काही रताळी बाजूला सारली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, घड्या पडून विरत आलेला स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढून माझ्यापुढे धरला. आपण करणी करणारी नाही याचा तिच्यापाशी एवढाच पुरावा होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत दिला. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुपारी मुलाच्या कुळातले पुरुष फाटकाशी आले. आमचे धर्मगुरू आणि मी बाहेर जाऊन उभे राहिलो. आरोग्य केंद्रातल्या नर्सने मुलाला न्यूमोनिया झाला होता हे समजावून सांगितले; त्यांनी ऐकून घेतले, पण ते त्यांना पटलेले दिसले नाही. बराच वेळ बोलणे झाले, बराच वेळ नुसतेच उभे राहणे झाले, आणि संध्याकाळी ते परत गेले. त्या जागी एखाद्या शेजारच्या कुळाचा माणूस उभा असता तर त्याचे उभे राहणे म्हणजे त्या कुळाने घेतलेली बाजू ठरली असती, आणि त्यातून लढाई पेटायला वेळ लागला नसता. आमची इथे जमीन नाही, डुकरे नाहीत, सोयरीक नाही. आमचा शब्द कोणत्याही शत्रूचा शब्द ठरत नाही. परक्या माणसाने इथे असण्याचे कारण मला यात दिसते. हे काम स्थानिक माणसाला अशक्य आहे असे नाही, परंतु त्याला त्याची किंमत फार जबर पडते. आमचे धर्मशिक्षक त्या मुलाच्याच कुळातले आहेत. माझ्याजवळ पासपोर्ट आहे. त्यांना त्याच गावात, त्याच माणसांत राहायचे आहे. धैर्य कोणाचे मोठे, हे तुला सांगायला नको.

आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांचा मी इथे फार विचार करतो. लहानपणी त्यांच्या सणाला आपण फक्त नागासाकीचा क्रूस आणि ५ फेब्रुवारी १५९७ ही तारीख ऐकत आलो. पण वसईचा हा मुलगा कोवळ्या वयात जपानला गेला, तिथली भाषा आत्मसात केली, व्यापार केला, आणि फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर १५९३ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी दुभाषा म्हणून उभा राहिला. दोन्ही पक्षांचे बोलणे एकमेकांपर्यंत नीट पोहोचवणारा परका माणूस, ही त्यांची ओळख मला आता क्रूसाइतकीच जवळची वाटते.

पालघरचे काम कमी महत्त्वाचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही; परत बोलावले तर आनंदाने तिथे जाईन. आत्ता मात्र तुझी मदत हवी आहे. ती बाई अजून सिस्टरांकडेच आहे आणि तिला आपल्या घरी, आपल्या रताळ्याच्या मळ्यात परतायचे आहे. नंदुरबारकडे डाकीण ठरवलेल्या बायांना गावाने पुन्हा स्वीकारावे म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते झटतात, त्यांपैकी कोणी तुझ्या ओळखीचे असतील तर त्यांना भेट. आधी कोणाशी बोलायचे, पंचांना कसे तयार करायचे, बाई परतल्यावर पहिले काही महिने तिच्याकडे लक्ष कोण ठेवते, हे त्यांना विचारून सविस्तर लिही. त्यांची काही पत्रके असतील तर फोटो काढून पाठव. मी त्यांचे टोक पिसिनमध्ये भाषांतर करून धर्मशिक्षकांच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवीन.

आई-बाबांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा मित्र