पापणीवरची गाठ काढण्याविषयी मराठीत सांगा

महोदय,

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात पापणीवर गाठ दिसली की तिला सरसकट रांजणवाडी म्हणतात आणि लवंग उगाळून लावतात. रांजणवाडी पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन येते, ठणकते आणि बहुधा आठवडाभरात फुटून बसते. महिना उलटला तरी टिकणारी, टणक आणि फारशी न दुखणारी गाठ निराळी असते. पापणीतील तेलग्रंथीचे तोंड बंद होऊन आत स्राव साचल्याने ती होते. डॉक्टर तिला कॅलॅझियन म्हणतात. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे स्वच्छ फडक्याने सोसेल असा शेक देऊन नंतर पापणी हलकेच केसांच्या दिशेने चोळल्यास अशा पुष्कळ गाठी एक-दोन महिन्यांत विरतात. लवंगेने मात्र डोळ्याला इजा होऊ शकते.

शेकाने न विरलेली गाठ काढावी लागते, आणि तिथेच माणसे अडतात. माझ्या सासूबाईंपुढे एका रुग्णालयात कन्नड व इंग्रजी संमतीपत्र ठेवले गेले; काय करणार, किती दुखेल, हे मराठीत कोणी सांगितले नाही, म्हणून त्या घाबरून परतल्या. वास्तविक सांगण्यासारखे थोडेच आहे. पापणीत भुलीची सुई टोचताना काही क्षण चांगलेच झोंबते. त्यानंतर दाब जाणवतो, पण सहसा वेदना होत नाही. पापणी उलटवून चिरा आतून देतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि बहुधा टाकेही लागत नाहीत. सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, काही तास पट्टी राहते, सूज व काळेनिळेपणा आठवडाभरात ओसरतो. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. स्टिरॉइडचे इंजेक्शन हाही पर्याय आहे, परंतु सावळ्या त्वचेवर त्याचा फिकट डाग राहू शकतो, हे आधीच कळायला हवे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास रुग्णानेही ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

वयस्कर माणसाला त्याच जागी पुन्हा गाठ आली किंवा तिथले केस गळले, तर काढलेला तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा; क्वचित तो तेलग्रंथीचा कर्करोग असतो.

सीमाभागातील सरकारी व खासगी नेत्रविभागांनी एवढी माहिती मराठीत छापून संमतीपत्रासोबत द्यावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती परिचारिकेने सहीपूर्वी वाचून दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)