बॅकचा फॉर्म थांबवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागला की महाविद्यालयाच्या खिडकीवर ठरलेला प्रश्न येतो: ‘रिचेकिंगला टाकलंय, मग बॅकचा फॉर्म भरायचा का?’ बॅकचा, म्हणजे नापास झालेल्या विषयाच्या फेरपरीक्षेचा, हा फॉर्म भरायचाच. पुनर्मूल्यांकनाचा निकाल फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधी हाती पडेलच असे नाही. गुण वाढले नाहीत आणि फॉर्मही राहिला, तर एक सत्र गेलेच. शिवाय फॉर्म ऑनलाइन भरून थांबू नये. शुल्क भरून तो महाविद्यालयात इनवर्ड झाला (नोंदवला गेला) का, प्रत्येक बॅक विषय त्यात योग्य पॅटर्नखाली (आपल्याला लागू अभ्यासक्रमाखाली) आला का, हे त्याच दिवशी पाहावे. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, मग पुनर्मूल्यांकन असा क्रम आहे. प्रत मिळाल्यावर मुले थेट उत्तरे वाचू लागतात. त्याआधी आतले गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी जुळवावेत, पुरवण्या मोजाव्यात, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का बघावे. चूक नुसती बेरजेची असेल तर गुणपडताळणी पुरते.

सर्वांत जास्त घोळ अंतर्गत गुणांचा. ३० अंतर्गत, ७० लेखी अशी विभागणी धरू. दोन्हींत स्वतंत्र ४० टक्के हवे असतील तर १२ आणि २८ गुण लागतात. अशा ठिकाणी लेखीत ५५ मिळवणाराही अंतर्गत १० वर अडकतो. आणि घाईत पुन्हा लेखीचाच फॉर्म भरतो! पेपर कितीही चांगला गेला तरी तो विषय सुटणार नाही. उलट फक्त एकत्रित ४० चालत असतील, तर अंतर्गत ८ असणाऱ्याला लेखीत ३२ आणावे लागतात, २२ असणाऱ्याला १८ पुरतात. काही ठिकाणी एकत्रित ४० शिवाय प्रत्येक भागात किमान गुणांचीही अट असते. आपल्याला कोणता नियम लागू, हे आपल्या पॅटर्नच्या परिपत्रकातच पाहावे. सीनियरचा पॅटर्न वेगळा असू शकतो, त्यामुळे त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला धोक्याचा.

अभियांत्रिकीत तिसऱ्या वर्षाला प्रवेश हवा तर पहिले वर्ष पूर्ण सुटलेले लागते. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीची (गणित-३ ची) भीती बाजूला ठेवून आधी पहिल्या वर्षाचा एम-वन (गणित-१) काढावा. वायडी (इयर डाउन, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्रवेश अडणे) लागते ती बहुधा अशा जुन्या एका विषयापायी.

विद्यापीठाकडून दोन अपेक्षा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागायला हवा. पुनर्मूल्यांकनालाही अशीच मुदत जाहीर करावी आणि बॅकच्या फॉर्मची शेवटची तारीख त्यानंतरची ठेवावी. तोवर, पुनर्मूल्यांकनात उत्तीर्ण झालेल्याचे त्या विषयाचे परीक्षा शुल्क पुढच्या फॉर्ममध्ये आपोआप वळते व्हावे. दुसरे, फॉर्ममधील पॅटर्न किंवा विषयाची दुरुस्ती विद्यापीठाच्या शिवनई येथील नाशिक उपकेंद्रातच व्हावी. सुरगाणा-पेठच्या विद्यार्थ्याला एका विषय कोडसाठी पुणे गाठावे लागू नये.

— परीक्षा विभागातील काही कर्मचारी, नाशिक